कालवावरच्या एकोणतीस रेघा

माझ्या दिराला, हरेश्वराला, एक घाणेरडी खोड आहे. न विचारता बोट दाखवायचं. जेवायला वाढलं तर ताटात मीठ कुठे हवं ते बोटाने दाखवणार. पाहुणा आला तर त्याने कुठल्या खुर्चीवर बसायचं ते बोटाने दाखवणार. देवळातून पालखी निघाली, भोई चार पिढ्या त्याच वाटेने चाललेत, तरी हा पुढे होऊन बोट दाखवणार. वय वर्षं चौऱ्याहत्तर, पाठीला पोक आलंय, पण बोट अजून ताठ.

आणि आमची हुर्मळवाडी त्या बोटामागे चालते. मालवणच्या उत्तरेला दोन खाड्या ओलांडल्या की आमचं गाव. जाळं कुठे टाकायचं, होडी कधी वर ओढायची, सगळं हरेश्वर कोयंडे सांगणार. पाण्यातलं त्याला कळतं, हे मी नाकारत नाही. कळतं म्हणूनच तर मी हे लिहायला बसले.

गेल्या मे महिन्यात तो माझ्या अंगणात उभा राहून समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या माणसांना माझ्याच घरामागचा टरफलांचा ढीग दाखवत होता. "ह्यो आमच्या घराण्याचो ढीग. पन्नास वर्सां जपलाव आमी."

मी पडवीतून विचारलं, "जपलाव म्हणजे? कालवां कोण फोडी? तू?"

"वैनी, घराचाच म्हणतंय मी."

"घर माझा, कोयती माझी, हात कापले ते माझे. तू फक्त गिळलंस. बोट खाली कर आधी."

संस्थेची पोरं हसली. त्यांच्यात माझी नात केतकी होती, ती हसली नाही. तिला आमचं दोघांचं वाकडं ठाऊक आहे. निदान तिला तसं वाटत होतं.

ढिगाचं सांगते. गावातल्या बायका कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, तिथेच फोडतात आणि आतला गर तेवढा घरी आणतात. माझ्या सासूचा नियम वेगळा. कालव टरफलासकट घरी आणायचं, मागीलदारी फोडायचं, टरफलं एकाच जागी टाकायची, वर चुलीची राख. पुढे कधीतरी भाजून चुना करू, असं तिचं म्हणणं. चुना काही झाला नाही, ढीग मात्र माडाच्या कमरेएवढा झाला. खाली सासूची वर्षं, वर माझी.

केतकीच्या संस्थेने तो ढीग केक कापावा तसा वरपासून खालपर्यंत कापला. का, ते तिने मला पाटावर बसून समजावलं.

आमच्या किनाऱ्याला लागून समुद्रात एक नदीच वाहते म्हणा. पावसाळ्यात ती दक्षिणेला जाते, केरळाकडे. तेव्हा खालचं गार, खारट पाणी वर येतं. दिवाळीच्या पुढेमागे ती मंदावते, थांबते आणि उलटी फिरून उत्तरेला वाहू लागते. येताना दक्षिणेचं ऊन, कमी खारं पाणी घेऊन येते. एवढं आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. आम्ही त्याला 'पाणी फिरलं' म्हणतो. मला माहीत नव्हतं ते पुढचं. कालव रोज आपल्या टरफलावर एक थर चढवतं, केसाहून बारीक. गार खारं पाणी असलं तर थराचा गुण एक, ऊन पाणी आलं की दुसरा. म्हणजे टरफल कापून भिंगाखाली धरलं की रोजची एक रेघ दिसते, आणि कुठल्या रेघेला पाणी फिरलं तेही दिसतं.

"म्हणजे कालव डायरी लिहितं, आजी," केतकी म्हणाली.

"माझ्यापेक्षा शिकलेलं निघालं."

त्या डायऱ्यांवर त्यांचं यंत्र चालणार होतं. त्याला ते उलटा नकाशा म्हणतात. आजचा प्रवाह किनाऱ्यावरचे मनोरे आणि वरचे उपग्रह सांगतात. पण मागच्या वर्षांचा प्रवाह पक्का कळला, तर यंत्र समुद्र उलटा चालवून दाखवू शकतं. एखादी वस्तू अमुक दिवशी अमुक ठिकाणी सापडली, एवढं सांगा. ती कुठल्या दिवशी कुठे पाण्यात पडली ते यंत्र सांगतं. उत्तरेकडच्या जिल्ह्यात ते आधीच सुरू झालं होतं. तिथे तेल सांडून पळालेलं जहाज महिन्याभराने त्याच्या बंदरात जाऊन पकडलं. एका गावात तर नवऱ्याची खाडीत फेकलेली बाटली कुठल्या धक्क्यावरून फेकली ते कळून बायकोने त्याला चपलेने मारलं. समुद्रात टाकलेलं आता टाकलेलं राहत नाही, असं लोक बोलू लागले.

आणि यंत्र सुलटंही चालतं. माणूस अमुक ठिकाणी बुडाला म्हटलं की आता तो कुठे तरंगत असेल ते दाखवतं, आणि बिनमाणसाच्या पिवळ्या होड्या आपोआप तिकडे सुटतात. पण सरकारचा कायदा असा की होड्या सोडायचं बटण माणसानेच दाबायचं. पाण्यातल्या जाणकाराने. नेमणूक कायमची.

आमच्या भागासाठी ते बोट कोणाचं, हे सांगायला नकोच.

ढीग कापताना वरून चार हात खाली एक पट्टा लागला. टरफल नाही, राख नाही, नुसती माती आणि माडाच्या झावळ्या.

"आजी, इथे काय झालं? इतक्या वर्षांत एवढी मोठी फट कुठेच नाही."

"पंचवीस दिवस," मी म्हटलं. "पंचवीस दिवस ह्या घरात चूल पेटली नाय की कालव फुटला नाय. तुझ्या आजोबाचे दिवस ते."

एकतीस वर्षं झाली. वादळी वारा होता, आठवडाभर गावच्या होड्या वर ओढलेल्या. कोजागिरीच्या सकाळी वारा पडला आणि आधी कोण गेलं तर आमचे दोघे भाऊ. माझा नवरा पुंडलिक थोरला, हरेश्वर धाकटा. मोठी होडी आणि तिच्या मागे दोरीने बांधलेली पात, म्हणजे लहानशी होडी. दुपारी हरेश्वर एकटा परत आला. रडत होता. म्हणाला, दादा पातीत उतरून जाळं सोडवत होता, लाट आली, दोरी तुटली, पात दिसेनाशी झाली. "पाण्याक दक्षिणेची ओढ आसा. दक्षिणेक चला." आणि बोट दाखवलं.

बावीस होड्या सुटल्या. आश्विन महिना, दिवाळी व्हायची होती, दक्षिण म्हणजे दक्षिणच. कोण शंका घेणार? आणि त्या दिवशीचं पाणी पाहिलेला माणूस तर हाच. चार दिवस, चार रात्री बावीस होड्यांनी दक्षिण धुंडाळली. मीही दक्षिणेच्या खडकावर बसून दक्षिणेकडेच डोळे लावले. पाठीमागे वळून एकदाही बघितलं नाही.

अकराव्या दिवशी पात मिळाली. उत्तरेला, पार जयगडच्या खडकात. वल्ह्याला शर्ट बांधलेला, निशाणासारखा. माणूस नाही. आणि आत त्याच बांधलेल्या दोरीचा उरलेला तुकडा, त्याला चार गाठी.

त्या गाठींचा अर्थ मला एकटीला कळला. पुंडलिकाची सवय होती, समुद्रात मुक्काम पडला की रोज सूर्य उगवला की दोरीला एक गाठ मारायची. चार सकाळी तो जिवंत होता. चार सकाळी शर्ट हलवत बसला होता, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे पाठ करून शोधत होतो.

हरेश्वर म्हणाला, वाऱ्याने नेली पात. वाऱ्यापुढे कोणाचं चालतं. मी ते मानलं. दोरीचा तुकडा ट्रंकेत ठेवला. पंचविसाव्या दिवशी कोयती घेऊन खडकावर गेले, कारण पोराला जेवायला घालायचं होतं.

हरेश्वराने नंतर आमचं केलं, तेही सांगते, लपवत नाही. माझ्या पोराला त्याने होडीवर घेतलं. केतकीला कॉलेजात घालायला मी नाही म्हणत होते, तर हा दारात उपाशी बसला, ती शिकायलाच हवी म्हणून. केतकी त्याला हरीआजो म्हणते आणि माझ्याआधी पाया त्याच्या पडते.

यंत्रावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून संस्थेने एक परीक्षा काढली. गावच्या जाणकाराला विचारायचं, कुठल्या वर्षी पाणी कधी फिरलं. ते आणि कालवं जुळतात का बघायचं. हरेश्वर म्हणजे तयारच. एका बैठकीत एकोणचाळीस वर्षांचे दिवस सांगितले त्याने. ह्या वर्षी वसुबारसेला, त्या वर्षी नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. मग कालवं भिंगाखाली गेली. एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस बरोबर. पेपरात फोटो आला. फोटोतही बोट वर.

श्रावणात एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. केतकी ती यादी घेऊन आली. "ऐक तरी आजी, कमाल आहे हरीआजोची!"

"वाच."

ती वाचत गेली, मी खडे वेचत गेले. मग म्हटलं, "तुझा बाप आठवीत होतो, त्या वर्साचा वाच."

तिने बोटावर हिशेब केला, कागदावर खाली आली. "त्या वर्षी लवकर फिरलं म्हणे. 'दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. कोणाला पत्ता नव्हता, मी एकट्याने ओळखलं.' असं सांगितलंय त्याने."

"आणि माझा कालव काय म्हणता?"

"तेच. फटीच्या वरचं पहिलं टरफल. कडेपासून मागे मोजलं तर एकोणतीस रेघा, आणि तिथे पाणी…"

ती थांबली. हुशार पोर आहे. पंचवीस दिवस घरात कालव फुटलं नाही. एकोणतिसातून पंचवीस गेले, चार उरले. कोजागिरीच्या आधी चार दिवस पाणी फिरलेलं होतं. पात वाऱ्याने उत्तरेला गेली नव्हती. पाण्याने गेली होती. आणि ते पाणी उत्तरेला चाललंय हे साऱ्या गावात एकाच माणसाला ठाऊक होतं.

त्याच माणसाने दक्षिणेला बोट दाखवलं.

सूप मी बाजूला ठेवलं.

"आजी, तो विसरला असेल. घाबरला असेल त्या दिवशी. सख्खा भाऊ गेला होता…"

"एकतीस वर्सांनी जो विसरूक नाय, तो चौथ्या दिवशी विसरलो?"

"मग आता काय करणार तू? त्याने मला शिकवलं, आजी. त्याच्यामुळे मी हे भिंग धरलं."

"होय गो. आणि कित्याक शिकवल्यान तुका, ता आता कळला." मी उठले, ट्रंक उघडली, दोरीचा तुकडा बाहेर काढला. एकतीस वर्षं मी फक्त गाठी मोजत होते. ज्या बाजूने दोरी तुटली म्हणतात ते टोक कधी बघितलंच नव्हतं. केतकीने ते उजेडात धरलं. तुटलेल्या दोरीचं टोक झिपरं असतं, कमी-जास्त. हे सरळ होतं. सुरीने कापतात तसं.

केतकी खाली बसली.

"मी त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही," ती म्हणाली.

"बोलू नको. मी वाच म्हटला की फक्त वाच. जा काय यंत्रात आसा ता. जास्त नाय, कमी नाय. तेवढा करशीत?"

तिने यादीची घडी घालून पिशवीत ठेवली.

दसरा सरला, कोजागिरी जवळ आली, तेव्हा यंत्राचं उद्घाटन ठरलं. सकाळी दहाला, धक्क्यावर. मांडव, मोठा पडदा, पाण्यात सहा पिवळ्या होड्या बांधलेल्या. जिल्ह्याचे साहेब आले होते. हरेश्वर पहिल्या खुर्चीत, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. समोर टेबलावर लाल बटण. केतकी यंत्रापाशी.

मी नऊवारी नेसले, नाकात नथ घातली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. लोक बघत राहिले. बघूदेत.

मांडवात गंगाराम मेतर भेटला. बावीस होड्यांतली पहिली होडी त्याची. दर कोजागिरीला तो माझ्या दारात नारळ ठेवतो आणि तेच म्हणतो, "वैनी, आमी शोधूक कमी पडलाव." त्या दिवशीही म्हणणार होता. मी म्हटलं, "गंगारामा, आज गप ऱ्हव. आज माझ्याकडसून ऐक."

भाषणं झाली. ढिगाबद्दल माझा सत्कार म्हणून साहेबांनी मला वर बोलावलं आणि माईक हातात दिला. "आजी, दोन शब्द."

मी हरेश्वराकडे वळले. गोड आवाजात विचारलं, "भावजी, लोक म्हणतत, एकोणचाळीस वर्सांचे दिवस कोणाक खरेच आठवतत? एखाद-दुसरो चुकलो असात. खरा सांगा सगळ्यांसमोर."

तो खुर्चीतून उठला. त्याच्या डोळ्यांत मी एक क्षण काहीतरी हललेलं पाहिलं. पण समोर चारशे माणसं, आणि बोट आधीच वर गेलेलं. "वैनी, हरेश्वराचो एकही दिवस चुकूक नाय. पाणी फिरल्याचा माका वासावरसून कळता. चुकलो आसान तर ह्या बटणाक हात लावचंय नाय."

टाळ्या पडल्या. मी पडू दिल्या.

"बरा. साहेब, तुमचा यंत्र एखादी जुनी गोष्ट काढून दाखवता काय? एक पात. जयगडच्या खडकात मिळाली, कोजागिरीनंतर अकराव्या दिवशी. एकतीस वर्सांमागे. ती खयसून गेली ता बघूया."

साहेबांना आनंद झाला. असा जिवंत दाखला कोणाला नको? ते केतकीला म्हणाले, "घ्या."

केतकीने माझ्याकडे पाहिलं, मग हरेश्वराकडे. तिचे हात मांडीवर होते. मला वाटलं, उठून जाईल. गेली असती तर मी तिला दोष दिला नसता. मग तिने हात वर घेतले आणि आकडे घातले.

पडद्यावर जयगडचा खडक दिसला, त्यापाशी एक पांढरा ठिपका. ठिपका मागे सरकू लागला. अकरावा दिवस, दहावा, नववा. खाली, खाली, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड. चौथ्या दिवसावर आला तेव्हा तो देवगडच्या जरा खालीच होता. आमच्या धक्क्यावरून होडीने अर्ध्या दिवसाची वाट. शेवटी कोजागिरीच्या सकाळी आमच्या गावासमोर येऊन थांबला.

साहेबांनी टाळी वाजवली, एकट्यानेच.

"आता भावजींच्या कागदावरसून त्या वर्साचा वाच," मी म्हटलं.

केतकीने वाचलं. शब्द एकही गाळला नाही. "'दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. कोणाला पत्ता नव्हता, मी एकट्याने ओळखलं.'"

गंगाराम उठला. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, खुर्चीला धरून उभा राहिला. "हरी," तो म्हणाला, "तुका ठाऊक होता? मगे आमका दक्षिणेक कित्याक धाडलंस? माझो झील, पोरच तो, चार दिवस माझ्यावांगडा रडा होतो त्या होडयेत."

हरेश्वराच्या मांडीवरचा नारळ घरंगळत साहेबांच्या पायाशी गेला. तो माईकमध्ये बोलला नाही, माझ्याशीच बोलला, पण माईक माझ्या हातात होता.

"सुकाणू माझ्या हातात दी नाय होतो दादा. माका म्हणा, तू बोटा दाखव, होडी मी चालवतंय. रागान मीच दोरी कापलंय, वैनी. घटकाभर त्येका भिवडावचा होता, मगे वळवन आणतलंय म्हटलंय. होडी वळवलंय तर दिसलोच नाय. आणि घराक येता येता… माका भय वाटला. तो परत इलो तर गावाक सांगात. त्या भयान बोट दक्षिणेक वळला."

"चार दिवस वळलेलाच ऱ्हवला?"

साहेब पुढे झाले, "आजी, आपण हे नंतर, ऑफिसात…" मी त्यांना हाताने थांबवलं. पोलीस, ऑफिस, त्यांचं ते त्यांनी करावं. ट्रंकेतली दोरी मी कमरेला खोचून आणली होती. ती काढून हरेश्वराच्या हातात दिली. बटणाच्या टेबलावर त्याचा उजवा हात होता, तो मी मनगटाला धरून खाली केला.

आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले:

"हरेश्वरा, ह्या बोटान ह्या गावात आता कोण होडी लोटूचो नाय, आणि ह्या बटणाक ता लागूचा नाय. ही दोरी धर. चार गाठी आसत. चार सकाळी तो जितो होतो, तुका मी चारच सकाळी देतंय. बावीस घरां आसत. एकेका उंबऱ्यार उभो ऱ्हव आणि सांग, दोरी कोणी कापल्यान आणि पाणी खय जाय होता. त्यांनी दार लावला तर बाहेरसून सांग. थुकले तर पुसून सांग. रोज सकाळी एक गाठ सोड. चौथी सुटली की माझ्या दारात ये. मी दार उघडूचंय नाय, पण आतसून ऐकतलंय. आणि हरेश्वरा, दक्षिणेच्या घरापासून सुरवात करू नको. उत्तरेसून जा."